लुधियाना: जिथे आधी मुलाची उंची विचारतात

लुधियाना म्हटलं की आपल्याला स्वेटर, शाली आणि सायकली आठवतात. हिवाळा लागला की आपल्याकडच्या दुकानांत जे लोकरीचे कपडे दिसायला लागतात, त्यातले कितीतरी याच शहरातून येतात. पण या शहराची आणखी एक ओळख आहे, जी पर्यटनाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. इथे एखादा उंच मुलगा रस्त्याने चालला असेल, तर पराठेवाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत कोणीही त्याला थांबवून विचारतं, 'उंची किती? बास्केटबॉल खेळतोस का?'

या जानेवारीत मी आठ दिवस लुधियानात होते. त्या दिवसांत हा प्रश्न माझ्या १३ वर्षांच्या भाच्याला निदान दहा वेळा विचारलेला मी ऐकला. त्याच्या घरात मात्र वेगळाच वाद चालू होता. बास्केटबॉल तो खेळतोच, पण मैदानात त्याने उभं कुठे राहायचं? वरवर हा किरकोळ प्रश्न वाटतो. लुधियानात चार दिवस राहिलं की कळतं, एखाद्या मुलाची पुढची दहा वर्षं त्यावर ठरू शकतात.

विट्याहून सराफ बाजारात

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात शिरा, एखाद्या बोळात भट्टीजवळ बसलेला मराठी माणूस भेटतोच. माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्यातलाच एक. वीस वर्षांपूर्वी तो लुधियानात आला, तो तिथलाच झाला. त्याचं दुकान सराफ बाजारात आहे. चौडा बाजार आणि घंटाघराच्या आसपासचा हा सगळा जुना भाग म्हणजे गर्दी, हॉर्न, लोकरीच्या लडी आणि गरम जिलेबीचा वास.

मी मनमाडहून सचखंड एक्स्प्रेसने गेले. नांदेडच्या हुजूर साहिबहून निघून अमृतसरला जाणारी ही गाडी म्हणजे महाराष्ट्र आणि पंजाबला जोडणारा धागाच आहे. वाटेत स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, त्यामुळे अनुभवी प्रवासी घरूनच ताटली-वाटी घेऊन निघतात. आपला पंजाबशी संबंध तसा जुनाच. संत नामदेव तिथल्या घुमानमध्ये राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्याच घुमानमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये पंजाबच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचं नाव अमेरिकेत पुकारलं गेलं आणि लुधियाना बास्केटबॉलच्या नकाशावर आलं. त्या मुलाकडे आपण येणारच आहोत. त्याआधी स्टेडियमवर जाऊ.

गुरू नानक स्टेडियमची सकाळ

जानेवारीतलं लुधियाना म्हणजे दाट धुकं. सकाळी सात वाजता दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी भाचा मला म्हणाला, 'आत्या, चल, तुला स्टेडियम दाखवतो.' दोन स्वेटर आणि एक शाल घेऊन मी निघाले. तो साध्या जॅकेटमध्ये होता.

गुरू नानक स्टेडियममध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, बास्केटबॉलची कोर्ट आहेत, आणि इथेच ती प्रसिद्ध लुधियाना बास्केटबॉल अकादमी चालते. पंजाब बास्केटबॉल असोसिएशनने या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली. डॉ. एस. सुब्रमणियन नावाच्या प्रशिक्षकांनी ती घडवली. ते आज हयात नाहीत, पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं राष्ट्रीय संघापर्यंत पोचली. गावोगावची उंच मुलं शोधायची, त्यांना इथे आणायचं, वसतिगृहात ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं आणि खेळ शिकवायचा, अशी ही पद्धत. पंजाबमध्ये उंच मुलांची कमतरता नाही, त्यामुळे ती चालली.

आम्ही पोचलो तेव्हा कोर्टवर चेंडूंचा आवाज सुरू होता. तोंडातून वाफा काढत मुलं पळत होती. जाळ्यांच्या पलीकडे पालक उभे होते. त्यांच्यातलं बोलणं कान देऊन ऐकलं, तर बहुतेक वाक्यांत एक आकडा येत होता. कोणी फुटांत सांगत होतं, कोणी सेंटिमीटरमध्ये. 'मागच्या दिवाळीपासून तीन इंच वाढला' असं एक वडील ज्या अभिमानाने सांगत होते, त्या अभिमानाने आपल्याकडे दहावीचे टक्के सांगतात.

भाचा इथे शिकत नाही. तो शाळेच्या संघातून खेळतो. पण सुट्टीच्या दिवशी तो इथे येऊन कठड्यावर बसतो आणि बघतो. १३ व्या वर्षी त्याची उंची १७८ सेंटिमीटर आहे, म्हणजे पाच फूट दहा इंच. वर्गातल्या मुलांमध्ये तो काकासारखा दिसतो. साहजिकच शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला बास्केटखाली उभं केलंय.

उंची एक, जागा पाच

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात आणि पाचांची कामं वेगळी. पॉइंट गार्ड चेंडू वर आणतो आणि डाव रचतो. शूटिंग गार्ड लांबून बास्केट करतो. स्मॉल फॉरवर्डला सगळंच थोडं थोडं यावं लागतं. पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर रिंगजवळ असतात, उसळून आलेला चेंडू पकडतात आणि समोरच्याला आत येऊ देत नाहीत. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, म्हणजे बरोबर दहा फूट. त्यामुळे सर्वांत उंच खेळाडू सेंटर, हा पूर्वापार हिशोब.

हा हिशोब शाळेच्या सामन्यात फार सोपा पडतो. उंच मुलाला रिंगखाली उभं करा, हात वर करायला सांगा, चेंडू त्याच्याकडे फेका. बाकीच्यांचा हातच पोचत नाही. संघ जिंकतो, शिक्षक खूश, पालक खूश. पण या सगळ्यात तो उंच मुलगा काय शिकतो? चेंडू जमिनीवर मारत पळायला त्याला मिळत नाही. लांबून नेम धरायला त्याला कोणी सांगत नाही. त्याचं काम एकच, उंच असणं.

बल्लो केचा सतनाम

आता त्या शेतकऱ्याच्या मुलाकडे येऊ. बरनाला जिल्ह्यात बल्लो के नावाचं लहानसं गाव आहे. लुधियानाहून गाडीने साधारण दोन तास. थंडीत दोन्ही बाजूंना गहू आणि पिवळी मोहरी. या गावचे बलबीरसिंग भामरा स्वतः सात फुटांच्या पुढे. तरुणपणी त्यांनाही बास्केटबॉल खेळ म्हणून सुचवलं गेलं होतं, पण घरची शेती सोडून खेळायला जाणं त्या काळी कोणाच्या गळी उतरणारं नव्हतं. त्यांचा मुलगा सतनाम १९९५ मध्ये जन्मला आणि भराभर वाढायला लागला. बलबीरसिंगांनी त्याला दहाव्या वर्षाच्या आसपास लुधियानाच्या अकादमीत आणून सोडलं.

२०१० मध्ये, १४ व्या वर्षी, सतनामला अमेरिकेत फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. तोपर्यंत तो सात फुटांच्या घरात होता आणि त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. पाच वर्षांनी, २५ जून २०१५ रोजी, डॅलस मॅव्हरिक्सने एनबीएच्या निवडीत ५२ व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या निवडीत येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्यावर 'वन इन अ बिलियन' हा माहितीपटही निघाला.

मात्र एनबीएचा एकही नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तो टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघातून खेळला, मग परत आला, भारताकडून खेळला, कॅनडाच्या लीगमध्ये गेला. पुढे उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी ठरल्यामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात दिसतो.

असं का झालं याची कारणं अनेक असतील. पण एक योगायोग मला विचार करायला लावतो. सतनामची निवड होण्याच्या बरोबर नऊ दिवस आधी, १६ जून २०१५ ला, गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचं अजिंक्यपद जिंकलं. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यापासून त्यांनी आपला उंच सेंटर सुरुवातीच्या पाच जणांतून काढून टाकला आणि सेंटरचं काम साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनकडे दिलं. पळणारे, लांबून नेम धरणारे, चेंडू फिरवणारे पाच जण एकदम मैदानात. त्यानंतर जगभर खेळ तसाच होत गेला. म्हणजे सात फूट दोन इंचांचा एक मुलगा रिंगजवळच्या खेळासाठी तयार होऊन दारात उभा राहिला, तेव्हाच खेळ रिंगपासून लांब सरकत होता.

याचा अर्थ उंच माणसांचे दिवस संपले असा नाही. निकोला योकिच हा सर्बियाचा खेळाडू २११ सेंटिमीटर उंच आहे आणि सेंटरच खेळतो. पण तो पॉइंट गार्डसारखा पास देतो. २०१४ च्या निवडीत तो ४१ वा होता, पुढे तीन वेळा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अँथनी डेव्हिसची गोष्ट तर आणखी बोलकी. शाळेत तो सव्वासहा फुटांच्या आसपासचा गार्ड होता, चेंडू हाताळायला शिकलेला. मग शाळा संपेपर्यंत वीसेक सेंटिमीटर वाढला. अंगाने सेंटर झाला, हातात कला गार्डची राहिली. २०१२ च्या निवडीत पहिलं नाव त्याचं होतं.

घरातला वाद

हे सगळं मी दादाच्या घरी रात्री जेवताना सांगितलं. ताटात मक्याची रोटी, सरसों का साग आणि शेजारी वहिनीच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा. दादा ठाम होता.

'हे बघ, आता जिल्ह्याची १४ वर्षांखालची निवड आहे. सेंटर म्हणून तो डोळे झाकून घेतला जाणार. एकदा जिल्हा झाला की राज्य. मग अकादमीत नंबर लागतो का बघायचं. शाळा काय, बाहेरूनही करता येते.'

शेजारचे सरदारजी रोज संध्याकाळी चहाला येतात. तरुणपणी ते त्यांच्या खात्याच्या संघातून खेळलेत. त्यांना सगळे चाचाजी म्हणतात. ते म्हणाले, 'मुलाच्या हातात चेंडू द्या. अजून सहा महिने त्याला रिंगखाली उभं केलंत तर तो खांब होईल. खांबाला कोणी पास देत नाही.'

'चाचाजी, पण तो सगळ्यांत उंच आहे.'

'आज आहे. अठराव्या वर्षीही असेल का?'

दादा गप्प झाला. मग म्हणाला, 'वाढेल की. दूध पितोय, व्यायाम करतोय. पावडरही आणलीय.'

कपाटावर एक मोठा डबा होता. उंची आणि ताकद वाढवणारी म्हणून कुठल्याशा दुकानातून आणलेली पावडर. वहिनीने तो अजून उघडू दिला नव्हता. ती आतापर्यंत रोट्या भाजत होती, ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, 'अहो, दुकानात कोणी दागिना घेऊन आलं तर तुम्ही टंच काढल्याशिवाय भाव सांगता का? मग पोराचा भाव तेराव्या वर्षीच कसा काय ठरवताय?'

भाचा खाली मान घालून जेवत होता. तो एवढंच म्हणाला, 'गुडघे दुखतात पप्पा. कालपण दुखत होते.'

दुसऱ्या दिवशी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

वाढत्या अंगाचं गणित

डॉक्टरांनी जे समजावलं, ते वाढत्या वयाची मुलं असलेल्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही वाढ होते. पण हे सरासरी वय झालं. काहींचं हे वर्ष दोन वर्षं आधी येतं, काहींचं दोन वर्षं उशिरा. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन १३ वर्षांच्या मुलांपैकी एक अंगाने १५ चा आणि दुसरा ११ चा असू शकतो. आज जो उंच दिसतो तो कदाचित फक्त लवकर वाढलेला असतो.

आईवडिलांच्या उंचीवरून ढोबळ अंदाज काढता येतो. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ सेंटिमीटर मिळवायचे आणि दोनाने भागायचं. मुलगी असेल तर १३ वजा करून भागायचं. दादा १७३, वहिनी १६५. उत्तर येतं साडेपंच्याहत्तर, म्हणजे १७५.५. यात आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. भाचा आताच १७८ आहे, म्हणजे अंदाज त्याने मागे टाकलाय. डॉक्टरांनी डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं. भाच्याच्या हाडांचं वय १५ च्या आसपास निघालं.

'आवाज कधी फुटला?' डॉक्टरांनी विचारलं.

'बाराव्या वर्षी,' वहिनी म्हणाली.

'मग तेच. हा लवकर वाढणाऱ्यांतला आहे. अजून पाच-सहा सेंटिमीटर वाढेल, असा अंदाज. खात्री कोणीच देणार नाही.'

दादाने मनातल्या मनात बेरीज केली. १८४. सहा फुटांच्या जरा वर. चांगली उंची, पण मोठ्यांच्या बास्केटबॉलमध्ये एवढ्या उंचीचा माणूस सेंटर नसतो, गार्ड असतो. आज रिंगखाली उभा राहून जिंकणारा मुलगा पाच वर्षांनी गार्डच्या जागेसाठी उभा राहणार, आणि गार्डला जे येतं ते त्याला कोणी शिकवलेलंच नसणार. सतनामसारख्या खऱ्याखुऱ्या सात फुटी मुलाला जे अडलं, ते याला दुप्पट अडणार होतं. चाचाजींचा प्रश्न आता दादाला नीट कळला.

गुडघ्याच्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर असं नाव आहे. वाटीच्या खाली जिथे मांडीच्या स्नायूचा पट्टा नडगीच्या हाडाला चिकटतो, ती जागा वाढीच्या वयात नाजूक असते. सतत उड्या मारल्या की तिथे ताण येऊन दुखतं, कधी टेंगूळही येतं. वाढ थांबली की बहुतेकदा आपोआप थांबतं. तोपर्यंत उड्या कमी, विश्रांती, बर्फाचा शेक आणि डॉक्टर सांगतील ते व्यायाम. दुखत असताना दामटून खेळवायचं नाही. आणि रिंगखाली खेळणाऱ्यालाच सर्वांत जास्त उड्या माराव्या लागतात, हे वेगळं सांगायला नको.

हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे या वयात मुलं अचानक अडखळतात, हातातून वस्तू पडतात, कालपर्यंत जमणारा नेम चुकतो. अशा वेळी 'लक्ष नाही तुझं' म्हणून ओरडणारे पालक मी त्या कठड्यावरही पाहिले. त्या मुलाचं लक्ष असतं, त्याचे हातपाय मात्र त्याला नवीन असतात.

पावडरबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलले. उंची वाढवणारी पावडर असं काही नसतं. बास्केटबॉल खेळल्यानेही उंची वाढत नाही. उंच मुलं या खेळात निवडली जातात म्हणून आपल्याला तसं वाटतं. डाळ, दूध, अंडी, भाज्या, ऊन आणि रात्रीची आठ ते दहा तासांची झोप, एवढं पुरतं. बाजारातल्या काही सप्लिमेंटमध्ये बंदी असलेले पदार्थ सापडतात आणि खेळाडू चाचणीत अडकतो. सतनामच्या चाचणीत हिजेनामाइन हा पदार्थ सापडला होता, आणि तो काही सप्लिमेंटमध्ये असतो. तो डबा त्याच संध्याकाळी घरातून गेला.

पंजाबची बाकीची मुलं

लुधियानाच्या वाटेने गेलेला सतनाम एकटा नाही, आणि सगळ्यांची वाट सारखीही नाही. गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग आधी व्हॉलीबॉलकडे ओढला गेला होता. तो या अकादमीत आला, तिथून ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीत आणि मग ऑस्ट्रेलियात गेला. सहा फूट दहा इंचांचा असूनही त्याला बाहेरून नेम धरायला शिकवलं गेलं. २०२० मध्ये तो अमेरिकेच्या जी-लीग इग्नाइट संघात पोचला आणि २०२१ मध्ये एनबीएची समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता.

अमृतपाल सिंग हा तर शेतात राबणारा, कबड्डी खेळणारा मुलगा. त्याने बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा तो विशीला टेकला होता. तो पुढे भारताचा सेंटर झाला, जपानमध्ये खेळला. चंदीगडच्या अमज्योत सिंगला आत-बाहेर दोन्हीकडे खेळता येतं. २०१४ मध्ये वुहानला आशिया चषकात भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं, तेव्हा हे दोघे संघात होते.

चाचाजींनी हीच नावं दादाला एकेक करून सांगितली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कोणी उशिरा सुरू झाला, कोणी दुसऱ्या खेळातून आला, पण ज्याला जास्त गोष्टी येत होत्या तो जास्त टिकला. तेराव्या वर्षी गाडी सुटत नाही.

मग काय ठरलं?

शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटायला दादा आणि वहिनी दोघं गेले. सर चांगले माणूस आहेत, पण त्यांचीही अडचण खरी होती. 'त्याला बाहेर खेळवलं तर माझ्याकडे आत कोण? निवडीत मग त्याचं नाव येईलच असं मी सांगू शकत नाही.' याचा अर्थ दादाने ज्या जिल्ह्यासाठी एवढा हट्ट धरला होता, तो हातचा जाऊ शकत होता.

दादाने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, 'जाऊ दे सर. सामन्यात तुम्हाला लागेल तिथे उभा करा, पण गुडघा दुखला की बाहेर. सरावात मात्र अर्धा वेळ चेंडू त्याच्याकडे राहू द्या. आणि शाळा तो सोडणार नाही.'

मी निघायच्या आदल्या दिवशी त्याचा नवा सराव पाहिला. दहा मिनिटांत चेंडू सहा वेळा हातातून गेला. डाव्या हाताने तर त्याला तो सांभाळताच येत नव्हता. एका चिमुरड्या गार्डने त्याच्या पायांमधून चेंडू पळवला आणि सगळे हसले. भाच्याचं तोंड लाल झालं. मी दादाकडे पाहिलं. तो पुढे व्हायला निघाला होता, चाचाजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

सातव्या वेळी चेंडू गेला नाही. तो डोकं वर करून पळाला आणि मोकळ्या मुलाला पास दिला. बास्केट दुसऱ्यानेच केलं. पण घरी येताना भाचा त्या पासबद्दलच बोलत होता. रिंगखाली केलेल्या बास्केटबद्दल तो इतकं कधी बोलला नव्हता, असं वहिनी म्हणाली.

जिल्ह्याच्या निवडीत त्याचं नाव राखीव खेळाडूंत आलं, हे मला परत आल्यावर फोनवर कळलं. दादाचा आवाज थोडा पडला होता. पण त्याने पुढचंच वाक्य सांगितलं, 'डाव्या हाताने आता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो बघ.'

लुधियानाला जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो, हे धरूनच निघा. महाराष्ट्रातून नांदेडची सचखंड एक्स्प्रेस आणि मुंबईची गोल्डन टेंपल मेल लुधियानात थांबतात. दिल्लीहून अंतर सुमारे ३१० किलोमीटर, तिथून गाड्या भरपूर. अमृतसर पुढे साधारण १४० किलोमीटर.

चौडा बाजारात लोकरीची खरेदी करा, भाव करायला लाजू नका. पंजाब कृषी विद्यापीठातलं ग्रामीण पंजाबचं संग्रहालय मुलांना नक्की दाखवा. जुन्या घरांतली भांडी, चरखे, फुलकारी सगळं तिथे आहे. जी. टी. रोडवरचं महाराजा रणजितसिंग युद्धसंग्रहालयही बघण्यासारखं. फेब्रुवारीच्या सुमारास असाल तर जवळच्या किला रायपूरच्या ग्रामीण खेळांची चौकशी करा. १९३३ पासूनची ही परंपरा आहे.

आणि एक सकाळ गुरू नानक स्टेडियमसाठी ठेवा. परवानगी विचारून कडेला उभे राहा. तुमच्या घरात वाढत्या वयाचं मूल असेल तर त्याला सोबत न्या. तिथे कोणीतरी त्याची उंची नक्की विचारेल. सांगा, त्यात काही वाईट नाही. फक्त त्या आकड्यावरून त्याची जागा ठरवायची घाई करू नका. त्याला चेंडू दोन्ही हातांनी खेळवू द्या, पळू द्या, लांबून नेम धरू द्या, चुकू द्या. अंग वाढायचं तेवढं वाढेल. ते वाढून थांबेल तेव्हा त्याच्या हातात एकाऐवजी चार गोष्टी असल्या, तर जागा तो स्वतः निवडेल.